झग्याचं माप

धाकटा भाऊ पाद्री व्हायला निघाला. म्हणे, देवाने हाक मारली! ऐकून शिंप्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज चर्चमध्ये पहिल्या बाकापाशी गुडघे टेकून "देवा, मला बोलव" म्हणत आला होता तो. धाकटा मागे बसून डुलक्या काढायचा. आणि बोलावणं कुणाला, तर त्या झोपाळूला! वर दीक्षेचा झगा शिवायचा कुणी, तर यानेच.

शिवला. दातओठ खात शिवला. धाकट्याने तो अंगात घातला, तर बाह्यांत बोटं बुडाली आणि घेर जमिनीवर लोळायला लागला.

"दादा, हे तर तुझं माप आहे."

शिंप्याचा चेहरा खर्रकन उतरला. रागाच्या भरात धाकट्याचं माप न घेताच त्याने कापड बेतलं होतं.

"तूच घालून बघ ना एकदा," धाकटा हळूच म्हणाला.

"गप उभा राहा!" शिंपी खेकसला. टाचण्या तोंडात धरून तो खाली बसला आणि धाकट्याच्या पायांशी घेर दुमडू लागला. अर्धा घेर टाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण गुडघ्यांवर आहोत, आणि आज "मला बोलव" म्हणायचं राहूनच गेलंय.