या संगणकासाठी उपलब्ध नाही

मितूला शाळेत शू लागली तर ती सांगणार कुणाला, या एका काळजीपायी दीपाली काल रात्रभर जागी होती. सकाळी मला पेनड्राइव्हवर घेताना तिने दोनदा चुकीची फाइल उचलली, तेव्हाच मी ओळखलं. मला वाईट वाटलं. मितूसाठी नाही, स्वतःसाठी. माझ्यासाठी ती शेवटची जागली, त्याला पाच वर्षं होत आली.

मी एक इन्स्टॉलर आहे. मी स्वतः खेळ नाही, गोष्ट नाही, चित्र नाही. मी संगणकात शिरतो, त्याला काय झेपेल ते पाहतो आणि मुलांच्या उपयोगाची वीसेक अ‍ॅप्स एका दमात बसवून देतो. पंगतीतल्या वाढप्यासारखं माझं काम. लोक जेवण छान झालं म्हणतात, वाढप्याचं नाव कुणी विचारत नाही.

सगळ्या संगणकांची घडण एक नसते. एका घडणीसाठी केलेलं अ‍ॅप दुसरीवर चालेलच असं नाही. म्हणून काहीही बसवण्याआधी मी एक यादी दाखवतो. वर ठळक ओळ, ‘या संगणकासाठी उपलब्ध नाही’, आणि खाली राखाडी अक्षरांत नावं. आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर हिरमोड नको, हे दीपालीचं तत्त्व.

ती ओळ आधी अशी नव्हती. आधी होतं, ‘तुमचा संगणक अपात्र आहे.’ दीपालीचे सासरे रामदास सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. चहाचा कप घेऊन ते तिच्या मागे उभे राहिले, चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “अपात्र नको लिहूस बेटा. तो शब्द आपल्या घरी फार वेळा येऊन गेलाय.” दीपालीने तिथल्या तिथे ओळ बदलली. त्या दिवशी मला वाटलं, आपण या घरातले आहोत.

तेव्हा ती गरोदर होती. नोकरी सांभाळून, पेठेतल्या अभ्यासिकांना फुकट द्यायला म्हणून तिने मला लिहिलं. धायरीच्या त्या दोन खोल्यांत पोटावर लॅपटॉप टेकवून ती माझ्याशी बोलायची. “चल राजा, आता तरी चाल,” असं म्हणायची. आठव्या महिन्यात तिने माझी ती यादी एका बैठकीत पुरी केली आणि लॅपटॉप मिटला.

मग मितू आली. पाळण्यातलं नाव संघमित्रा. मितूने पहिल्यांदा कूस बदलली तेव्हा घरात पेढे आले. मी एकाच वेळी तीन घडणींवर चाललो होतो, तेव्हा साधा बिस्किटाचा पुडासुद्धा कुणी फोडला नव्हता. मी अडलो की दीपाली सुस्कारा टाकून झाकण लावते. मितू अडली की तिला मांडीवर घेते. मला मांडी नको होती. पण झाकण तरी हळू लावावं की नाही?

आता मितू साडेचार वर्षांची आहे आणि घराबाहेर ती एक शब्द बोलत नाही. घरात इतकं बोलते की तिचा बाबा समाधान कानाला हेडफोन लावून बसतो. उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. बालवाडीच्या बाईंनी सात महिने वाट पाहिली, मग तज्ज्ञांकडे पाठवलं. सोमवारची वेळ मिळाली आहे. तिथला फॉर्म दीपालीच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला. त्यातला एक प्रश्न, ‘मूल कोणत्या गोष्टी करत नाही?’ त्याखाली सहा ओळी. दीपालीला त्या पुरणार नव्हत्या. कारण तिने माझ्या शेजारीच एक फाइल उघडली आहे, ‘मितू अजून नाही’. बालवाडीत बोलत नाही. दुकानदाराला ‘द्या’ म्हणत नाही. शू सांगत नाही. ओळी एकीखाली एक, अगदी माझ्यासारख्या.

माझी मांडणी चोरून तिला दिली! आणि माझी यादी पाच वर्षांत एकदाही उघडली नाही. तिची रोज उघडते.

“तू आणि तुझा इन्स्टॉलर, एका माळेचे मणी,” समाधान एकदा म्हणाला. “समोरच्याने तोंड उघडायच्या आत नकारघंटा.”

“मग काय, लोकांनी तिला विचारावं आणि तिने गप्प राहावं? तिला किती लाज वाटेल!”

“तिला की तुला?”

दीपाली मोरीकडे वळली. भांडी जरा जोरात घासली.

तर आज शनिवार. समाधानची ड्युटी, सासू-सासरे गावी. म्हणून नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत मला घेऊन जाताना मितूलाही न्यावं लागलं. पर्समध्ये मी, तो फॉर्म आणि मितूचा खाऊचा डबा. माझ्या अंगावर चुरा पडत होता.

अभ्यासिका वैजनाथकाका चालवतात. बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं. मुलांच्या कोपऱ्यासाठी कुणीतरी त्यांना सहा नवे छोटे संगणक दिले होते, तळहाताएवढे, मोबाइलच्या घडणीचे.

“या. पाऊण तास उशीर, म्हणजे पार्किंग मिळालं असणार,” ते म्हणाले. “ही तुमची का?”

“हो, मितू. बोलत नाही हं ती बाहेर. राग मानू नका. अनोळखी माणसांकडे बघत पण नाही. पाणी फक्त तिच्या बाटलीतलंच पिते, आणि कुणी गाल ओढला तर…”

“मी ‘तुमची का’ एवढंच विचारलंय.”

दीपालीचे कान लाल झाले. मितू आईच्या ओढणीमागे गेली. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. आज माझा दिवस होता.

मला पहिल्या संगणकाला लावलं. मी घडण पाहिली, नेहमीच्या अदबीने यादी दाखवली. राखाडीत चौथ्या क्रमांकावर ‘रंगपाटी’. हे चित्रं काढायचं अ‍ॅप, नावापुढे छोटासा मासा.

“रंगपाटी नाही?” काका म्हणाले. “पोरं तेवढंच तर मागतात.”

“या घडणीसाठी नाहीये ते. माझ्या हातात नाही काका.”

दोघं कपाटातली वायर शोधायला वळले. खुर्चीवर मितू चढली. तिला वाचता येत नाही. तिला मासा दिसला. तिने माशावर टिचकी मारली. राखाडी नावाखाली एक बटण उघडतं, ‘तरीही प्रयत्न करा’. दीपालीने ते चाचणीपुरतं ठेवलं होतं आणि काढायला विसरली होती. मितूने तेही दाबलं.

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर होतं. पण सांगितलं की करायचं, हा माझा जन्मधर्म. मी इंटरनेटवरच्या नेहमीच्या ठिकाणी विचारायला गेलो, तर तिथे या घडणीसाठीचं अ‍ॅप तयार! दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवलेलं. मी ते आणलं, बसवलं. पडद्यावर पांढरी पाटी उघडली आणि मितूने तिच्यावर एक लांबलचक निळी रेघ ओढली.

“हे चालायला नको,” दीपाली वायर हातात धरून म्हणाली.

“चालतंय की.”

“अहो पण यादीत…” ती वाकली, माझ्या आत शिरली, यादीची तारीख पाहिली. पाच वर्षांपूर्वीची. “मी नंतर पाहिलंच नाही. तेव्हा नव्हतं चालत, म्हणून लिहून ठेवलं.”

“म्हणजे आज पोरांना आपण उगाच नाही म्हणणार होतो.”

दीपाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मितूकडे, मग टेबलावरच्या पर्सकडे. बराच वेळ पर्सकडे.

मी ‘रंगपाटी यशस्वीरीत्या बसवली’ अशी खिडकी मधोमध उघडली. कुणी वाचली नाही. मितूनेच ती बंद केली. माझं असंच व्हायचं. माझ्या पोटातून आज ना उद्या ती यादी जाईल आणि तिच्या जागी प्रत्येक वेळी नव्याने विचारणारं काहीतरी येईल. माझा एकुलता एक गुण गेला समजा. जाऊ दे. एवढंच मागणं आहे, दीपाली: माझी यादी पुसशील तेव्हा शेजारची फाइलही एकदा उघड, आणि तिथल्या प्रत्येक ओळीपुढे तारीख घाल. हे मी त्या पोरीसाठी सांगत नाहीये. तिच्यावर माझा राग आहेच.

वैजनाथकाका मितूच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर हात टेकून वाकले. “काय गं, जमलं का?”

दीपालीचं तोंड सवयीने उघडलं. “ती बाहेर…” म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मितूने माउस उचलला, उलटा केला, खालून पाहिला.

“काका,” ती म्हणाली, “तुमचा माउस चिकट आहे. पुसा.”