तीनदा मनधरणी

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाल्यावर मी कामावर परतले, तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या हिरव्या ओळींमध्ये एक लाल होती.

"जावईबापू रुसलेत," शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर म्हणाला. "ताई, तू नव्हतीस तेव्हापासून फारच नखरे चाललेत. तीनदा मनधरणी केली तरी कधीकधी ऐकत नाहीत."

आम्ही दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवतो. रुग्णाने तिच्यावर वेळ घ्यायची. दवाखान्याने ती बदलली, तर रुग्णाच्या फोनवर संदेश जातो. ही वाट रोज चाचणीचा एक प्रोग्राम स्वतः चालून बघतो: खोटा रुग्ण, खोटी तारीख, ती बदलायची आणि संदेश आला का ते पाहायचं. आला तर हिरवी ओळ, नाही तर लाल. ही चाचणी दहात एखाद्या वेळी पडायची, म्हणजे लाल व्हायची, आणि पुन्हा चालवली की पास व्हायची, म्हणून तिचं नाव जावईबापू. तिच्यासाठी कुणीतरी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: पडली तर तीनदा पुन्हा चालव, एकदा जरी पास झाली तरी हिरवं दाखव.

साहेब आले. "वाईट झालं गं," म्हणाले, आणि एक श्वास थांबून, "आज चारला नवी आवृत्ती सोडायचीय. ती चाचणी बंद करून टाक."

"संदेश जातच नसेल तर?"

"जातो. जरा उशिरा जातो, एवढंच. चाचणीलाच धीर नाही."

बाबांच्या तपासणीची तारीख दवाखान्याने सात आठवडे अलीकडे आणली होती. ते जुन्याच तारखेला गेले आणि तोवर उशीर झाला होता. "संदेश तर सगळ्यांना जातो," नर्स म्हणाली. बाबा म्हणत राहिले, मला काही आलं नाही. चाळीस वर्षं पोस्टात पत्रं लावलेला माणूस. आणि मी त्यांना म्हणाले होते, "बाबा, तुम्ही फोन बघता कधी? चार्ज तरी करता का?" तो दवाखाना आमचीच वेबसाइट वापरतो.

मी चाचणी बंद केली नाही. त्या तीन ओळी बाजूला ठेवल्या आणि ती शंभर वेळा चालवली. अकरा वेळा पडली. मग तासभर थांबले, उशिरा येणारे संदेश येऊ देत म्हणून. अकरापैकी एकही आला नाही.

कारण शोधायला जेवणाची सुट्टी पुरली. तारीख बदलली की दोन कामं एकदमच सुरू होत होती. एक नवी तारीख नोंदवणार, दुसरं नोंद पाहून संदेश पाठवणार. दुसरं आधी पोहोचलं तर त्याला जुनीच तारीख दिसायची. काही बदललं नाही, असं समजून ते मुकाट्याने परत यायचं.

"म्हणजे जावईबापू खोटं बोलत नव्हते," शेजारचा हळूच म्हणाला.

"त्यांना त्या नावाने हाक मारू नकोस."

त्या तीन ओळी कुणी लिहिल्या, हे मला हवं होतं. त्या माणसासमोर उभं राहून त्या वाचून दाखवायच्या होत्या. फाइलचा इतिहास उघडला. दोन वर्षांपूर्वीची तारीख, कारणाच्या रकान्यात दोन शब्द, "उगाच पडते", आणि पुढे माझं नाव.

साडेतीनला साहेब पुन्हा आले. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. दोन वर्षं चाललंच ना? सरक, मीच बंद करतो."

मी खुर्ची दिली. "करा. कारण लिहिल्याशिवाय होत नाही ते. स्वतःच्या हाताने लिहा."

त्यांनी रकाना उघडला, आणि वरची नोंद वाचली. "हे तर तूच लिहिलंयस."

"हो. त्याच्याखाली आता तुमचं नाव येईल."

त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि एकही अक्षर न लिहिता काढून घेतले. माझ्याकडे रागाने पाहिलं. मीही नजर हटवली नाही. शेवटी उठले.

"किती दिवस लागतील?"

"दुरुस्तीला दोन. आणि कुणाकुणाला संदेश गेला नाही, ती यादी आधी दवाखान्यांना पाठवायची. आजच."

"आजच," ते म्हणाले आणि दार जरा जास्तच जोरात लावून गेले.

मी त्या तीन ओळी पुसल्या. पिशवीतून बाबांचा फोन काढून टेबलावर ठेवला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तो पूर्ण चार्ज होता. त्यांच्या उशाशी चार्जरची वायर नीट गुंडाळून ठेवलेली होती.

मग यादी काढायला बसले.