मोठा पियानो

संगीत विद्यालयातल्या पियानोंचे सूर लावायचं काम मी बावीस वर्षं करतोय. सभागृहातल्या मोठ्या पियानोची किल्ली माझ्याकडे असते. तो बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. शिकवणाऱ्यांना जिन्याखालच्या खोलीतला जुना. त्याच्या तीन पट्ट्या एकदा दाबल्या की खालीच बसतात.

आमच्या मुक्या मास्तरानं सहा वर्षं त्या खटाऱ्यावर काढली. बोलायचा कमी, म्हणून शिपायांनी नाव पाडलं मुका. पण तो वाजवायला लागला की मी हातातलं काम टाकून जिन्यात बसायचो. असा हात मी दुसरा ऐकला नाही. प्राचार्यांनी मात्र त्याला एकही कार्यक्रम दिला नाही. अजून तयार नाही म्हणायचे. एकतिसाव्या वर्षी न्यूमोनियानं गेला, तेव्हा एकदम तयार झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध.

काल सभागृहात त्याची शोकसभा झाली. प्राचार्यांनी गळा दाटून आणला आणि सांगितलं, की विद्यालयाची सगळी दारं त्याला उघडी होती. माझं डोकं फिरलं, पण बोलणार कुठल्या तोंडानं? एकदा सुट्टीच्या दिवशी त्यानं माझ्याकडे किल्ली मागितली होती, फक्त पाच मिनिटांसाठी. मी नियम दाखवला. तो बरं म्हणून निघून गेला.

सभा संपल्यावर त्याची आई मोठ्या पियानोपाशी आली. झाकणावरून हात फिरवत तिनं विचारलं, "भाऊ, तुम्ही तर ऐकलं असेल. यावर कसा वाजवायचा तो?"

छान, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण इतके दिवस पोटात ठेवलेलं मला झेपेना. मी सगळं सांगून टाकलं. किल्लीचं, जिन्याखालच्या खोलीचं, सगळं. माफी मागितली. हलकं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

झाकणावर फिरणारा तिचा हात थांबला.

"दर शनिवारी घरी येऊन सांगायचा, आज मोठ्यावर वाजवलं, लोक उठून उभे राहिले," ती म्हणाली. "दवाखान्यातसुद्धा तेच सांगत होता." मग तिनं झाकणावरचा हात काढून घेतला. "हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं, भाऊ."

दाराशी प्राचार्य लोकांना निरोप देत उभे होते. ती त्यांच्यापाशी थांबली.

"फार छान बोललात," ती त्यांना म्हणाली.