पिंपळगावच्या बर्फाची दृष्ट

कारभारी गांगुर्डे यांनी पिंपळगावात कोल्ड स्टोरेज बांधलं ते द्राक्षांसाठी. तिथे पोरी हॉकी खेळतील असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला चहा पाजून हाकलून दिलं असतं. पण लेक हर्षाली एकदा हट्टाला पेटली की त्यांचं काही चालत नसे. हंगाम संपल्यावर तिने रिकाम्या चेंबरच्या फरशीवर पाणी सोडून गोठवलं, दोन्ही टोकांना जाळ्या बांधल्या आणि गावातल्या पोरी जमवून आइस हॉकीची टीम उभी केली. स्वतः झाली गोलकीपर.

आज पुण्याची टीम मॅचला आली होती आणि कारभारींनी अट घातली होती. "हरल्या तर बर्फ फोडायचा, अन् बेदाणा आत. भरलेला टेम्पो दारात उभा हे."

टेम्पो खरंच उभा होता. तालुक्यात दुसरा बर्फ होता तो रसवंतीवाल्याकडे, आणि त्यावर काही उभं राहता येत नव्हतं.

तिच्या आईला, सिंधुबाईंना, वेगळाच घोर लागला होता. भर मे महिन्यात अख्खं गाव गोधड्या पांघरून मॅच बघायला आलेलं. एवढ्या नजरा! त्या खडेमीठ-मोहरीची पिशवीच घेऊन बर्फावर उतरल्या आणि एकेका पोरीवरून मुठी ओवाळल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारची, कुणाची नजर नको." ते मीठ खरं तर चुलीत टाकायचं. पण कोल्ड स्टोरेजात विस्तवाला बंदी, आणि बाहेर जावं तर मॅच सुरू व्हायची. म्हणून त्यांनी ओवाळलेलं सगळं मीठ हर्षालीच्या गोलसमोर ओतलं. तिथे तर आपलीच पोर उभी राहणार, मग भीती कसली!

मॅच सुरू झाली. पुण्याच्या पोरी सुसाट येत, रबराची चकती जोरात मारत, आणि गोलजवळ आली की ती चकती गाळात बैल रुतावा तशी रुतून बसे. हर्षालीने खाली पाहिलं. पायाखाली नुसता राडा, त्यात मोहरी तरंगत होती.

"आई! मिठानं बर्फ वितळतो गं!"

"वितळू दे. एक तरी गोल झाला का?" सिंधुबाईंनी अभिमानाने विचारलं.

मध्यंतरात हर्षालीचा धीर सुटला. आता बाजू बदलणार. राडा पुण्याच्या गोलसमोर जाणार, आपले सगळे फटके त्यात फसणार आणि स्वतःला कोऱ्या बर्फावर उभं राहावं लागणार. ती धावत पंचाकडे गेली आणि खरं ते सांगून टाकलं. पंचाने डोकं खाजवलं. "नियमात मिठाचं काही नाही, ताई."

तेवढ्यात इकडे सिंधुबाईंना पुण्याची गोलकीपर दिसली. आपल्या जाळीला टेकून एकटीच कुडकुडत बसली होती. त्यांचा जीव कळवळला. "आई कुठं लांब हिची! हिची दृष्ट कोण काढणार?" आणि उरलेली पिशवी त्या गोलसमोर रिकामी झाली.

मग काय! दोन्हीकडे राडा. कुणाचीच चकती जाळीपर्यंत पोचेना. गाव ओरडून दमलं, पोरी घसरून दमल्या, शिट्टी वाजली, आणि मॅच शून्य-शून्य.

सगळे कारभारींकडे बघू लागले. "जरा डोकावतो" म्हणून आत आलेले कारभारी शेवटपर्यंत हलले नव्हते, आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

"आप्पा, हरलो नाही आम्ही," हर्षाली म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"जिंकल्या तरी कुठं?" ते खेकसले आणि ड्रायव्हरकडे वळले. "माल विंचूरच्या स्टोरेजला ने. तिथं जागा मिळल." मग पुन्हा लेकीकडे बघून म्हणाले, "पुढच्या रविवारी बोलव त्यांना परत. ही काय मॅच झाली? एकबी गोल नाय!"

हर्षालीने अंगावरच्या सगळ्या जामानिम्यासकट त्यांना मिठी मारली आणि दोघंही धाडकन बर्फावर आडवी झाली.

उठता उठता कारभारी एवढंच म्हणाले, "अन् त्या दिवशी तुझ्या आईला माहेरी धाडतो."