कळकलेली चटणी

“पितळेत आंबट ठिवू नको व विजू, कल्हई उडाली हाय,” असं मनकर्णाबाईंनी सुनेला एकदा नाही, तीनदा बजावलं होतं. विजयमालेनं ते हसण्यावारी नेलं. अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकून आसेगावात नांदायला आलेली ती, स्वच्छतेची भारी हौस. रुखवतातला पितळी डबा आतून-बाहेरून चिंच-राखेनं घासायची, सोन्यासारखा दिसेपर्यंत.

“घासू घासू कल्हईच खाल्ली तू. अन् लढाई लागल्यापासून कल्हईवाल्याले कथील भेटत नाही.”

“आत्याबाई, इतकं लखलखीत भांडं वाईट कसं असेल?”

पौषात परसातली भेदरं लाल झाली. शहरात त्यांना टमाटे म्हणतात. तिनं ती निखाऱ्यावर भाजली, हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ घालून ठेचली, वर लिंबू पिळलं आणि डबा गच्च भरून झाकून ठेवला.

सकाळी मोतीबाई दारात, त्यांच्या शेतावर मजुरीला आलेली बंजारा बाई. कापूस वेचून झाला होता, तिचा तांडा निजामाच्या मोगलाईकडे निघाला होता. पाठीला अंगावर पिणारी पोर.

“बाई, चटनी देजो. कोरडी भाकर नरड्याखाली उतरत नाही.”

विजयमालेनं घरासाठी बोटभर वाटीत काढली. “घे, डब्यासकट ने. परत येशील तेव्हा आण.”

“अगाई, माहा नवराबी एवढा चमकत नाही!”

दोघी हसल्या. मोतीबाई गेली.

वाटीतली चटणी विजयमालेनं तूप घालून आपल्या दोन वर्षांच्या जगदेवला भरवली. अर्ध्या तासात तो ओकला. मग पुन्हा, हिरवट. मनकर्णाबाईंनी वाटीला बोट लावून जिभेवर टेकवलं आणि थुंकल्या.

“कळकली! पितळ उतरलं हिच्यात. पाहून काय राह्यली, दूध पाज त्याले!”

संध्याकाळी पोरगं निवलं. त्यानं बोटभरच खाल्ली होती. डबाभर मोतीबाईकडे होती, आणि मोतीबाई अन्न टाकणारी बाई नव्हती.

लखीराम गडी सायकलवर शिरपूरपर्यंत जाऊन आला.

“तांडा आडवाटेनं गेला, बाई. नाल्यापाशी एक बाई ओकून राह्यली होती, गुराख्यानं पाह्यली. पोर रडे म्हणते. कोन होती, मालूम नाही.”

दोन महिने झाले. विजयमाला प्रत्येक वाटसरूला अडवते, तसं तुम्हालाही विनवते: केनवडच्या बाजाराला जाल, त्यापुढं मोगलाईत उतराल, तर तांडा दिसला की थांबा. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेली मोतीबाई विचारा. पोर तिच्यापाशी आहे का, तेही. डबा नको आहे. ती आहे का, एवढं पाहून या.