रेफरी चुकला तरच फोन

लाल संघ हरला की शिट्टीकाकांना वाईट वाटायचं. पण रेफरीने सगळे निर्णय बरोबर दिले की त्याहून वाईट वाटायचं. ही गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती, म्हणून ते बोलत नसत. बाकी सगळं बोलत.

एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात ते चादरींना इस्त्री करायचे. ओली चादर तापलेल्या रुळात जायची, पलीकडून कडक होऊन यायची, आणि मग तिची दोन टोकं काका धरायचे, दोन टोकं घडी घालणारी मुलगी. रविवारच्या सामन्याचा निकाल सोमवारी या चादरीवर लागायचा. शिट्टीकाका हे नावही तिनेच ठेवलेलं.

"काखेचा ऑफसाइड!" काका चादर झटकत म्हणाले. "निळ्यांचा तो पोरगा काय धावला, काय मारला! आणि गोल रद्द का, तर म्हणे काख पुढे होती. माणूस गोल पायाने मारतो की काखेने?"

"पण काका, पडद्यावर रेषा आखून दाखवली की."

"दाखवली ना. तेच तर. नियमाने बरोबर होतं."

"आणि तुमच्या लालवाल्याला बाहेर काढलं ते?"

"चेंडू आत फेकायला इतका वेळ काढला गाढवाने, दुसरं पिवळं कार्ड मिळणारच. त्यात रेफरीचं काय चुकलं?"

"मग एवढे चिडता कशाला?"

काकांनी घडी तिच्या हातात दिली आणि पुढची चादर ओढली. याचं उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

उत्तर असं होतं. काकांना एक साडू होते, दुसऱ्या गावात राहणारे, निळ्यांचे कट्टर. बायका सख्ख्या बहिणी आणि नवऱ्यांचा छत्तीसचा आकडा. पूर्वी दर सामन्यानंतर फोनवर खडाजंगी व्हायची. शेवटी घरातल्या एका लग्नात नवरानवरी राहिले बाजूला आणि हे दोघे पेनल्टीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा दोघी बहिणींनी कायदा केला. रेफरी खरोखर चुकला असेल तरच फोन, आणि ज्याच्या संघावर अन्याय झाला त्यानेच तो करायचा. दोघांनी कायदा निमूटपणे पाळला. तेव्हा रेफरी भरपूर चुकायचे, त्यामुळे कुणाचं फारसं अडलं नाही.

मग काकू गेल्या. पाठोपाठ मैदानाच्या कडेला तो पडदा आला. शंका आली की रेफरी पळत जातो, सगळं पुन्हा बघतो आणि शहाण्यासारखा निर्णय देतो. अन्याय कमी झाला तसे फोनही कमी झाले. या हंगामात तर एकही नाही.

आता साडूंशी बोलायला काका झुरत होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. साडूंचा आवाज म्हणजे फुटका भोंगा. पण भांडण रंगात आलं, भोंगा पुरता सुरू झाला, की मागून मेव्हणी कडाडायची, "अहो, पुरे झालं आता! ठेवा तो फोन!" आणि तो आवाज हुबेहूब काकूंचा होता. तोच चढा सूर, 'पुरे'वर तोच जोर. काका बोलता बोलता गप्प व्हायचे. "काय हो, हरलात का?" साडू विचारायचे. काका नुसते कान लावून असायचे.

मेव्हणीला सरळ फोन करूनही झाला होता. पण काकांशी ती हळू, जपून बोलायची. "भाऊजी, जेवलात का? तब्येत सांभाळा हं." सांत्वनाला आलेली कुणीही बाई असंच बोलली असती. काकूंनी उभ्या जन्मात त्यांना असं विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरात ताट आदळलं की उठून जेवायला जायचं, एवढंच त्यांना माहीत. चिडलेली मेव्हणी तेवढी काकूंसारखी होती, आणि तिला चिडवायला रेफरीची चूक लागायची.

पुढे एका रविवारी दुपारी पुन्हा लाल विरुद्ध निळे असा सामना होता. काका देव पाण्यात घालून टीव्हीसमोर बसले. शेजारच्या खुर्चीत, जिथे काकू पाय वर घेऊन बसायच्या, तिथे इस्त्री केलेल्या रुमालांची चळत होती. एकट्या माणसाला रुमाल लागतात किती, पण हाताची सवय जात नाही. पूर्वी सामना बघताना काका घर डोक्यावर घ्यायचे. काकू गेल्यावरही सुरुवातीला त्यांनी ओरडून बघितलं होतं. पण गप्प बसवणारं कुणी नसलं की ओरडण्यात काही राम राहत नाही. आता ते तोंड मिटून बघत.

"चुक रे बाबा," ते मनातल्या मनात रेफरीला विनवत होते. "आमच्यावर कर हवा तेवढा अन्याय. पण आज एकदा चुक."

रेफरी कसला वस्ताद! लालवाल्याने निळ्याला पाडलं, फाउल. बरोबर. दुसऱ्या निळ्याने उगाच लोळण घेतली, त्याला पिवळं कार्ड. तेही बरोबर. सामना संपत आला तरी दोन्हीकडे शून्य. तेवढ्यात लालच्या गोलसमोर चेंडू बचावपटूच्या हाताला लागला. रेफरी पडद्याकडे धावला, वाकून बघितलं, परत आला. पेनल्टी! निळ्यांनी ती मारली आणि सामना जिंकला.

काका खुर्चीच्या टोकावर आले. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते. हात अंगापासून लांब, कावळे हाकलत असल्यासारखा वर. चेंडू सरळ तळव्यावर. या बाजूने तळव्यावर, त्या बाजूनेही तळव्यावर.

"चूक नाहीच," काका मोठ्याने म्हणाले. खोलीत 'हो' म्हणायला कुणी नव्हतं.

आपला संघ बुडाला तरी बरोबर निर्णयाला त्यांनी कधी चूक म्हटलं नव्हतं. साडू त्यांना एरवी काहीही बोलोत, एवढं मात्र मानायचे. आज तेही पणाला लागलं. काकांनी फोन उचलला आणि नंबर लावला.

"साडूबुवा, लुटलंत तुम्ही आज आम्हाला. कसली पेनल्टी ती?"

पलीकडे साडू थबकले. "अहो, हाताला लागला की चांगला."

"खांद्याला लागला."

"खांद्याला? तळवा होता हो ढळढळीत. तुम्हाला दिसला नाही?" साडूंचा आवाज खाली आला. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"नाही, तुम्ही असं कधी बोलत नाही म्हणून विचारलं."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. मेव्हणी तिथेच होती, साडूंच्या पाठीमागे, आणि ओरडायचं तिला काही कारण नव्हतं.

"जेवलात?" साडूंनी विचारलं.

"हो."

"मग ठेवू?"

"आज अगदी शांत आहे तुमच्याकडे," काका घाईने म्हणाले, आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

पलीकडे साडूंनी घसा खाकरला. मग एकदम भोंगा वाजला.

"लुटलं म्हणता? कोण कुणाला लुटतंय? आमचा तो काखेचा गोल कुणाच्या बापाने खाल्ला? चोर आहात तुम्ही लालवाले, एकजात चोर!"

काखेचा निर्णय बरोबर होता. साडूंना ते पक्कं ठाऊक होतं, नाहीतर त्यांनी तेव्हाच फोन केला असता. काकांना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा डोळे भरून आले.

"चोर तुम्ही!" काका ओरडले. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत कुणी ओरडलं. "खांदा होता! खांदा!"

"तळवा! तळवा! तळवा!"

मागची भांडी थांबली.

"अहो, पुरे झालं आता!"

काका गप्प झाले. साडूही गप्प झाले. आज त्यांनी 'हरलात का' म्हणून विचारलं नाही. फोन कानापासून काढून तिच्या बाजूला धरला असावा, कारण पुढचं सगळं अगदी जवळून ऐकू आलं.

"या वयात लाज नाही वाटत? शेजारी काय म्हणतील! ठेवा म्हणते ना तो फोन!"

फोन कुणीच ठेवला नाही.