दुसऱ्या रांगेतली तिसरी खुर्ची

"कोट तेवढा दे. संध्याकाळच्या आत परत आणून देतो," नंदकिशोर म्हणाला.

तो मरोळला नलिनीच्या कंपनीच्या गेटाशी उभा होता. घरी यायला त्याला तोंड नव्हतं. काशीरामचं तेरावं होऊन चारच दिवस झाले होते, आणि नंदकिशोर हा काशीरामला सिनेमात गर्दीतली कामं देणारा सप्लायर. अठ्ठावीस वर्षं तो म्हणेल त्या स्टुडिओत काशीराम हजर राहिला होता. कधी पार्टीतला पाहुणा, कधी स्टेशनमास्तर, कधी बँकेत रांगेत उभा असलेला माणूस. स्वतःचा सूट, स्वतःचे बूट, दाढी घोटून केलेली. नलिनी त्याची एकुलती मुलगी. कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. कानावरचा हेडफोन काढून ती तशीच खाली आली होती, आणि कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या.

नंदकिशोरने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. कोर्टाचा सीन अर्धा झालाय. काशीरामअण्णा तीन दिवस दुसऱ्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर बसले होते, चौकड्यांचा करडा कोट घालून. पुढून सगळं घेऊन झालं. आता कॅमेरा मागून लागायचाय, प्रेक्षकांच्या पाठी आणि पलीकडे पिंजऱ्यात हिरो. त्या खुर्चीत तोच कोट दिसायला हवा.

"पिक्चरमध्ये एकदा माणूस खुर्चीवर बसला ना, की सीन संपेपर्यंत उठायचं नाही. मेला तरी," तो म्हणाला, आणि मग त्याने तोंडावरून हात फिरवला.

नलिनीने विचारलं, कोट नाही मिळाला तर काय करतील.

"दुसरा माणूस बसवतील. मग पुढून पण पुन्हा घेतील. म्हणजे अण्णांचं तोंड गेलं."

हे तोंड कुठलं, ते नलिनीला ठाऊक होतं. वारण्याच्या आठवडाभर आधी काशीराम घरी आला, पायांवर पाणी घेतलं, आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "आज माझ्यावर थांबला कॅमेरा. चार मोजेपर्यंत." हिरो पिंजऱ्यातून बोलत होता, कॅमेरा रांगेवरून सरकत आला आणि एका म्हाताऱ्याच्या भरलेल्या डोळ्यांवर थांबला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. शेवंतीने, त्याच्या बायकोने, पोळी उलटताना विचारलं, कांदा लावलेलात की काय. तो हसला, म्हणाला, "लावूक नाय लागलो." पुढल्या बुधवारी सकाळी दाढी करता करता तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला, आणि उठला नाही.

कोट चकाल्याच्या लाँड्रीत होता. नलिनीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पावती दाखवून कोट घेतला. पण नंदकिशोरच्या हातात तिने तो दिला नाही. मी येते बरोबर, म्हणाली. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि रिक्षाला हात केला.

स्टुडिओ त्यांच्या गुंदवलीच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात ती त्याच्या फाटकाच्या आत गेली नव्हती. लहानपणी हट्ट केला की अण्णा म्हणायचे, काय बघायचंय तिथे, सगळं लाकडाचं. शेवंतीलाही सिनेमाचं वावडंच होतं. एका पिक्चरमध्ये काशीराम तिरडीवर आडवा दिसला, फुलांनी झाकलेला. ती थिएटरातून तडक घरी आली, तो कामावरून आल्यावर त्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्याचं पिक्चर बघायला गेली नाही. घरात या धंद्याचा विषय लाँड्री आणि बूटपॉलिशपुरताच निघायचा.

आत गेल्यावर नलिनीला आधी ऊन दिसलं. बाहेर आभाळ मळलेलं होतं, दुपारचे अडीच वाजले होते, आणि आत कोर्टाच्या उंच खिडक्यांतून सकाळी दहाचं कोवळं ऊन तिरपं पडलेलं. त्या उन्हात धूळ तरंगत होती. ऊन जिथून येत होतं तिथे दिव्यांचा उष्ण वास होता, खिडकीपलीकडे झाड होतं आणि झाडामागे पत्र्याची भिंत. चाळीस माणसं खुर्च्यांवर गप्प बसली होती. कुणाला कसली घाई नव्हती. इथे अण्णांनी किती सकाळचे दहा पाहिले असतील, असं तिच्या मनात आलं.

कोट नंदकिशोरने एका उंच माणसाला चढवला. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिघांच्याही अंगावर तो हँगरवर टांगल्यासारखा उभा राहिला. गुंदवलीच्या शिंप्याने तो काशीरामच्या मापाने बेतला होता, आणि काशीरामचे खांदे उतरते होते, त्यातही उजवा डाव्यापेक्षा बोटभर खाली. असिस्टंट डायरेक्टर एका वहीत चिकटवलेला फोटो पुढे धरून तुलना करत होता. फोटो पाठमोरा होता, तालमीच्या वेळी काढलेला. शेवटी त्याने वही मिटली आणि दिवेवाल्याला हाक मारून सांगितलं, पुढून पुन्हा लावा, तिसऱ्या खुर्चीवर नवा माणूस घेतोय.

"मी बसते," नलिनी म्हणाली.

शाळेत कवायतीच्या बाई तिला नेहमी ओरडायच्या, उजवा खांदा वर कर म्हणून. तो कधीच वर झाला नव्हता.

असिस्टंटला आधी कळेचना ही कोण. कळल्यावर म्हणाला, बाई माणूस, आणि कार्ड कुठाय? संघटनेचं कार्ड नसलेला माणूस खुर्चीवर बसला तर उद्या काम बंद पडेल. नंदकिशोर त्याच्या जवळ सरकला. कॅमेऱ्यामागे वेताच्या खुर्चीत जुना हिरो वर्तमानपत्र वाचत बसला होता, वीस वर्षांपूर्वी ज्याच्या पिक्चरमधल्या पार्ट्यांमध्ये काशीराम पाहुणा असायचा तो. आता त्याचा मुलगा पिंजऱ्यात उभा होता. हे मुलाचं पहिलं पिक्चर.

"तिकडे बाप बसलाय म्हणून पोरगा उभा आहे," नंदकिशोर पुटपुटला. "त्याला कोणी कार्ड विचारलं? आणि हिचा बाप तर बसायला पण नाही राहिला."

असिस्टंट म्हणाला, केस झाका.

हेअरड्रेसर बाईने तिची वेणी गुंडाळून वर पिना मारल्या आणि करड्या केसांचा टोप बसवला. साडी तशीच राहिली. खुर्चीच्या पाठीखाली काही दिसणार नव्हतं. कोट चढवताना नलिनीने डोळे मिटले. लाँड्रीने सगळा वास काढून टाकला होता. फक्त बाह्या कोपरापाशी वळलेल्या होत्या, आणि तिचे कोपर बरोबर त्या वळणात जाऊन बसले.

ती दुसऱ्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर बसली. कॅमेऱ्यामागून कोणीतरी "अरे वा" म्हणालं.

पिंजऱ्यातला मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. सुरेख होता. दिवे लागले, त्याने समोर बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. लांबलचक बोलणं होतं. जजसाहेबांना तो सांगत होता की माझ्या बापाने माझ्यासाठी जमीन ठेवली नाही, घर ठेवलं नाही, दुसऱ्याच्या दारात ताठ उभं राहायला तेवढं शिकवलं. तिसऱ्या वाक्याशी येऊन तो दर वेळी पडायचा, आणि असिस्टंट पुढचं सगळं कागदावरून मोठ्याने वाचून दाखवायचा. दर वेळी आधी कॅमेऱ्यामागे वेताच्या खुर्चीकडे बघायचा. खुर्चीतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज यायचा.

नवव्या खेपेला तो पिंजऱ्यातून उतरून सरळ नलिनीकडे आला. जवळ आल्यावर टोपाखालचं तोंड बघून दचकला.

"वो अंकल नहीं आये?"

नंदकिशोरने त्याला हळूच सांगितलं. मुलगा काही वेळ कोटाच्या बटणाकडे बघत राहिला. मग नलिनीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि इतक्या बारीक आवाजात बोलला की फक्त तिलाच ऐकू यावं. तालमीत असा कॅमेरा मागे असला की अंकल ओठ हलवायचे. माझं बोलणं त्यांना पाठ असायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचो. कोणाला कळायचं नाही, कारण त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे.

"पापा को मत बताना," तो म्हणाला.

नलिनीला आठवलं, अण्णा दाढी करताना आरशात पुटपुटत असायचे. आई म्हणायची, जप चाललाय. कुठल्याच सिनेमात त्यांच्या वाट्याला एक शब्द आला नव्हता.

"मला नऊ वेळा ऐकून पाठ झालंय," ती म्हणाली. मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, "मैं बोलूँगी. तुम देखो."

दहाव्या खेपेला दिवे लागले तेव्हा त्या खोट्या उन्हात तिला आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. समोर फक्त एक पोरगा होता आणि त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. ती आवाज न करता सांगू लागली. माझ्या बापाने जमीन ठेवली नाही. घर ठेवलं नाही. तिच्या ओठांच्या अर्धा श्वास मागे मुलाचा आवाज येत होता, भरीव, जरा जाड. तिसरं वाक्य आलं. नलिनीचे ओठ थरथरले, आणि पलीकडे त्याचा आवाजही तसाच थरथरला. बोलणं संपलं. कुठेतरी कोणीतरी "ओके" म्हणालं आणि चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. वेताच्या खुर्चीतला जुना हिरो उठून मुलाच्या पाठीवर थाप मारायला गेला.

असिस्टंटने वहीत खूण केली आणि नलिनीला म्हणाला, झालं, तुमच्या फादरचा पुढून घेतलेला शॉट आता वाचला.

संध्याकाळी तिने कोट घरी नेला. आईला काही सांगितलं नाही. "लाँड्रीत राहिलेला," एवढंच म्हणाली. शेवंतीने तो हातात घेतला, बराच वेळ घडी घालत बसली, आणि ट्रंकेत ठेवला.

पिक्चर पुढल्या वर्षी चैत्रात लागलं. तिसऱ्या आठवड्यात शेवंती आपणहून म्हणाली, "माका घेऊन चल. त्यांचो शेवटचो तो."

अंधेरीच्याच थिएटरात दुपारचा खेळ होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. शेवंतीने पदर डोक्यावरून घेतला होता, देवळात बसावं तशी ती बसली होती. नलिनीचं लक्ष गाण्यांत नव्हतं, मारामारीत नव्हतं. ती कोर्टाची वाट बघत होती. चार मोजेपर्यंत आईला बघता यावं, तेवढ्यात तिने नेमकं डोळे पुसायला पदर लावू नये, एवढीच धास्ती तिच्या मनात होती.

कोर्ट आलं. तेच तिरपं ऊन. मुलगा बोलू लागला. कॅमेरा पहिल्या रांगेवरून सरकला, दुसऱ्या रांगेकडे वळला, नलिनीने आईचा हात धरला, आणि पडद्यावर जुना हिरो आला. पांढरा कुर्ता, खांद्यावर शाल, डोळ्यांत पाणी. मागाहून कधीतरी वेगळा घेऊन जोडलेला होता, मागची भिंतसुद्धा कोर्टाची नव्हती. थिएटरात शिट्ट्या झाल्या. पुढच्या खुर्चीवरचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, बघ, पोरासाठी बापाने फुकटात एन्ट्री दिली असणार. नलिनी मोजत होती. एक, दोन, तीन, चार. जुना हिरो आठ मोजेपर्यंत होता.

मग कॅमेरा मागे गेला. पाठींच्या दोन रांगा, आणि पलीकडे पिंजऱ्यात मुलगा. दुसऱ्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर करडे केस, चौकड्यांचा कोट, उजवा खांदा जरा खाली. मुलाचा आवाज थिएटरभर घुमत होता.

शेवंती पुढे झुकली.

"नले," ती हळू म्हणाली, "बघ गो. हे बसलेत थंय."

नलिनी पडद्याकडे बघत राहिली. त्या पाठीचा श्वास तिला दिसत होता.

"हो," ती म्हणाली.

शेवंतीचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. समोरच्या अंधारात तो थोडा पुढे झाला, आणि त्या खांद्यावर चिकटलेला दोरा काढावा तशी तिने दोन बोटांची चिमूट केली. सीन बदलला. गाणं सुरू झालं. चिमूट अजून तशीच होती.